दानपत्र खालून वर वाचावं: क्लूनीच्या मध्ययुगीन नोंदी हाताळायची रीत

सकाळकडे सार्वजनिक रस्ता. दुपारकडे अमक्याची जमीन. संध्याकाळकडे संत पीटरची जमीन. आणि चौथ्या बाजूला, जिकडून गार वारा येतो तिकडे, पुन्हा अमक्याचीच.

ही एका शेताची चतुःसीमा आहे. दहाव्या शतकात फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या माकों परगण्यात जमिनीचं दान किंवा विक्री लिहिताना लेखनिक अशाच साच्यात दिशा सांगत. 'आ माने' म्हणजे सकाळची बाजू, अर्थात पूर्व. 'आ मेदिओ दिए' म्हणजे मध्यान्हीची, दक्षिण. 'आ सेरो' म्हणजे सांजेची, पश्चिम. उत्तरेला 'आ चेर्चिओ', हे त्या भागातल्या वाऱ्याचं नाव. आपल्याकडच्या खरेदीखतात 'पूर्वेस गावरस्ता, दक्षिणेस गट नंबर अमुक' असं वाचायची सवय असलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. म्हणूनच मी म्हणतो की मध्ययुगीन चर्चची दानपत्रं वाचायला मराठी माणसाला लॅटिनची जितकी भीती वाटते तितकी वाटायचं कारण नाही. अर्धी समज आपण सातबाऱ्यावरूनच घेऊन आलेलो असतो.

हा लेख याच भागातल्या क्लूनीच्या मठाच्या नोंदी समोर ठेवून लिहिला आहे. कारण साधं आहे. मठ ९१० च्या सुमारास स्थापन झाला, त्याची सुमारे साडेपाच हजार दस्तऐवजांची छापील आवृत्ती बेर्नार आणि ब्रुएल या दोन संपादकांनी १८७६ ते १९०३ दरम्यान सहा खंडांत काढली आणि ती फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. घरबसल्या एवढा मोठा साठा क्वचित मिळतो. इथली रीत इंग्लंड, जर्मनी, स्पेन कुठल्याही मठाच्या कागदांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी हातात काय आहे ते ओळखा

'चर्चच्या नोंदी' म्हणून जे समोर येतं ते एका जातीचं नसतं. सुटं दानपत्र म्हणजे एकाच व्यवहाराचा एक चामडी कागद. पॉलिप्टिक म्हणजे मठाच्या मालमत्तेची शिरगणती: कुठल्या गावात किती कुळं, कुणाकडे किती जमीन, वर्षाला देणं काय. पॅरिसजवळच्या सेंट-जर्मेन-दे-प्रे मठाचा, मठाधिपती इर्मिनोंच्या काळातला नवव्या शतकाच्या सुरुवातीचा पॉलिप्टिक प्रसिद्ध आहे. त्यात बोदो नावाचं एक कूळ भेटतं, बायको एर्मेन्त्रुद, मुलं तीन, आणि इतर देण्यांबरोबर मठाला ३ कोंबड्या नि १५ अंडी. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या दात्यांची नुसती नावं लिहिलेलं 'जीवनपुस्तक' हा आणखी वेगळा प्रकार. त्यात जमिनीचं काही शोधायला जाऊ नये.

सगळ्यात जास्त गाठ पडते ती कार्टुलरीशी, आणि सगळ्यात जास्त फसवते तीच. कार्टुलरी म्हणजे मठाने आपल्या जुन्या दानपत्रांच्या नकला एका वहीत उतरवून घेतलेलं दफ्तर. क्लूनीत हे काम अकराव्या शतकात जोरात झालं. इंग्लंडमध्ये वुस्टरच्या हेमिंग नावाच्या मठवासीयाने नॉर्मन विजयानंतर बिशप वुल्फस्टनच्या सांगण्यावरून असंच दफ्तर तयार केलं, कारण नव्या सत्ताधाऱ्यांच्या हाती जमिनी जात होत्या आणि हक्क कागदावर दाखवणं भाग होतं. म्हणजे कार्टुलरी बनते ती बहुधा कटकट सुरू झाल्यावर. नक्कल करणारा काय गाळतो? साक्षीदारांची लांब यादी. 'आणि इतर' म्हणून मोकळा होतो. काय राखतो? मठाला आज उपयोगी पडेल ते. म्हणून नोंदवहीत पहिला रकाना हाच ठेवा: मूळ की नक्कल, आणि नक्कल असेल तर मूळ व्यवहारानंतर किती वर्षांनी केलेली. छापील आवृत्तीत प्रत्येक दस्ताच्या डोक्यावर संपादकाने हे बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते वगळून थेट मजकुरात उडी मारायचा मोह सगळ्यांनाच होतो.

मग तळाशी जा: तारीख सोडवा

दानपत्र खालून वर वाचावं, हा माझा नियम. तारीख आणि साक्षीदार तळाशी असतात आणि बाकीच्या मजकुराला खिळे तिथेच ठोकलेले असतात.

क्लूनीचंच स्थापनापत्र घ्या. ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम, ज्याला पुढे 'धार्मिक' हे विशेषण लागलं, त्याने हे बूर्ज शहरात करून दिलं. तळाशी तारीख आहे: सप्टेंबरच्या इदेसच्या आधीचा तिसरा दिवस, चार्ल्स राजाचं अकरावं वर्ष, इंडिक्शन तेरावं.

पहिला भाग सोपा. इदेस म्हणजे रोमन पंचांगातला महिन्याच्या मध्याचा ठरलेला दिवस, सप्टेंबरात तो १३ तारखेला. रोमन पद्धतीत दोन्ही टोकांचे दिवस मोजतात, तेव्हा १३, १२, ११. तारीख ११ सप्टेंबर. इथे आपण सवयीने १० काढतो आणि चुकतो.

इंडिक्शन म्हणजे पंधरा वर्षांचं चक्र. इसवी सनात ३ मिळवा, १५ ने भागा, बाकी उरेल ते इंडिक्शन, आणि बाकी शून्य आली तर पंधरावं. ९१० अधिक ३ म्हणजे ९१३, पंधराने भागून बाकी १३. जुळलं. पण थांबा. हे वर्ष नेमकं सुरू कधी होतं? बायझंटाइन पद्धतीत १ सप्टेंबरला, बीड या मध्ययुगीन इंग्रज मठवासी विद्वानाच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत २४ सप्टेंबरला, तर आणखी एका पद्धतीत नाताळ किंवा १ जानेवारीपासून. आपला दिवस ११ सप्टेंबर, नेमका पहिल्या दोहोंच्या मधोमध पडलेला! १ सप्टेंबरची पद्धत धरली तर तेरावं इंडिक्शन ९०९ च्या सप्टेंबरातच सुरू होतं आणि दस्त ९०९ चा ठरतो. बाकीच्या दोन धरल्या तर ९१० चा. राजाच्या वर्षाकडे मदत मागावी, तर त्याचा प्रतिस्पर्धी ओडो वारल्यापासून, म्हणजे ८९८ च्या सुरुवातीपासून मोजल्यास अकरावं वर्ष ९०८ मध्येच येतं. तीन साक्षी, तीन तोंडं. म्हणून पुस्तकांत '९०९ किंवा ९१०' असं लिहिलेलं दिसतं. ती लेखकाची टाळाटाळ नव्हे, ११ सप्टेंबरची करामत आहे.

साध्या शेतकऱ्यांच्या दानपत्रांत तर इंडिक्शनही नसतं. 'लोथार राजा राज्य करत असता' एवढ्यावर काम भागवलेलं. लोथारचं राज्य ९५४ ते ९८६, म्हणजे बत्तीस वर्षांचा पट्टा. संपादक मग मठाधिपतीचं नाव आणि साक्षीदार बघून अंदाज बांधतात आणि तो कंसात घालतात. कंसातली तारीख ही संपादकाची, कागदाची नव्हे. तुमच्या वहीतही कंस तसाच ठेवा.

साक्षीदार

'सिग्नुम' किंवा नुसता 'एस' आणि पुढे षष्ठीत नाव, अशी ओळ असते. आपल्याकडच्या 'निशाणी अंगठा'सारखी. नावं बहुतेक लेखनिकच लिहून काढी. आधी दाता, मग बायको-मुलं-भाऊ, मग बाकीचे. हा क्रम फार बोलका असतो. कुटुंबाची नावं साक्षीत आहेत म्हणजे त्यांची संमती घेतलेली आहे. ती नसतील तर पुढच्या पिढीत तंटा येणार अशी मनाशी खूण करून पुढे जा.

अडचण एकच: दहाव्या शतकात आडनाव नाही. बेर्नार्दुस नावाचे डझनावारी. एकटं नाव ओळखीला पुरत नाही. नाव, बायकोचं नाव आणि गाव, हे तिन्ही जुळलं तर माणूस एक धरावा, दोनच जुळलं तर प्रश्नचिन्ह. मी सुरुवातीला नुसत्या नावावरून एक ऐसपैस वंशवेल काढली होती. त्यातला एक गृहस्थ हिशोबाने एकशे दहा वर्षं जगत होता.

जमीन कशी वाचायची

इथे मुक्काम करा. चर्चच्या नोंदींचा जीव इथे आहे.

शब्द फार नाहीत, साठेक शब्दांवर गाडी चालते. 'विल्ला' म्हणजे बंगला नव्हे, गाव किंवा गावाएवढी इस्टेट. 'मान्सुस' म्हणजे एका शेतकरी कुटुंबाचं घर, परस आणि वहिवाटीची जमीन मिळून एक खातं. 'कुर्तिलुस' म्हणजे घरठाण आणि त्याभोवतीची वाडी. 'विनेआ' द्राक्षमळा, 'काम्पुस' शेत, 'प्रातुम' गवताळ कुरण, 'सिल्वा' रान. मान्सुसचं क्षेत्रफळ ठरलेलं नाही, त्याला एकरात बसवायला जाऊ नका. इंग्लंडच्या दस्तांत 'हाइड' भेटेल, तो ढोबळमानाने १२० एकर सांगतात, पण तोही मुळात कर-आकारणीचा हिशोब आहे, जमिनीवर साखळी टाकून मोजलेला नव्हे.

माकोंकडे मात्र शेत आणि द्राक्षमळे काठीने मोजलेले सापडतात: लांबी इतक्या पेर्तिका, रुंदी इतक्या. कधी चारही बाजू वेगवेगळ्या. पेर्तिका म्हणजे मोजणीची काठी, आणि ती गावोगावी सारखी नव्हती. म्हणून आकडे मीटरमध्ये बदलू नका. एकाच गावातल्या दोन शेतांची तुलना करायला तेवढे वापरा.

आता चतुःसीमा. शब्द न बदलता चार रकान्यांत उतरवा. एखाद्या बाजूला 'तेर्रा सांक्ती पेत्री' आलं, म्हणजे संत पीटरची जमीन, की समजायचं क्लूनी आधीच शेजारी येऊन बसली आहे, कारण मठ संत पीटर आणि संत पॉल यांच्या नावाने होता आणि कागदावर मालक संतच. आपल्याकडे देवाच्या नावाने सातबारा असतो, तसंच. एकाच गावातले वीस-पंचवीस दस्त तारखेने लावून नुसता हा रकाना बघत जा. आधी एका बाजूला संत पीटर, काही वर्षांनी दोन बाजूंना, मग तीन. नकाशा न काढताही मठ गावात कसा सरकत गेला ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

मोठ्या दानांत चतुःसीमा नसते, तिथे यादी असते. विल्यमच्या पत्रात क्लूनी गावाबरोबर चर्च, प्रार्थनागृहं, द्राक्षमळे, शेतं, कुरणं, रानं, पाणी आणि पाण्याच्या वाटा, गिरण्या, कसलेलं नि न कसलेलं असं सगळं मोजून दिलं आहे. आपल्या सनदांमधलं 'जल तरू तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेप सहित' आठवल्याशिवाय राहत नाही. पण त्या यादीत चर्च आणि द्राक्षमळ्यांच्या मध्येच आणखी एक नोंद आहे: स्त्री-पुरुष गुलाम. माणसंही जमिनीबरोबर गेली. हा शब्द वाचताना डोळा घसरतो, कारण तो यादीत इतक्या सहज बसवलेला असतो. त्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवा.

दान कशासाठी, आणि बदल्यात काय

आता कुठे मधला मजकूर. 'प्रो रेमेदिओ आनिमे मेए', माझ्या आत्म्याच्या भल्यासाठी, हे वाक्य जवळपास प्रत्येक दानपत्रात असतं. पण कुणाकुणाच्या आत्म्यासाठी, ती यादी नीट बघा. विल्यम आधी ओडो राजाचं नाव घेतो, जो तेव्हा वारला होता, मग आपले आईवडील, आपण स्वतः आणि बायको इंगेलबेर्गा, मग अवा, जिने हीच मालमत्ता आपल्याला मृत्युपत्राने दिली असं तो सांगतो. एका भाविक वाक्यात मालकीहक्काची मागची कडी लपलेली आहे. वकिलाच्या नजरेने वाचलं तरच ती सापडते.

दान म्हणजे जमीन दिली आणि संपलं, हे गृहीत इथे मोडतं. दाता ती जमीन मरेपर्यंत कसायला परत घेतो आणि वर्षाला मेण किंवा थोडी रक्कम देतो. याला 'प्रेकारिया' म्हणत. कधी मठ दात्याला रोख देतो, तरी कागद दानाचाच. कधी बदल्यात मठाच्या आवारात दफनाची जागा. आणि कधी तीच जमीन दात्याचा मुलगा पुन्हा 'दान' देतो! पहिल्यांदा असा दुसरा दस्त सापडला तेव्हा मला संपादकाचीच चूक वाटली. इतिहासकार बार्बरा रोझेनवाइन यांनी क्लूनीचे हेच दस्त घेऊन दाखवलं की जमीन देणं, तिच्यावर हक्क सांगणं, ती सोडणं आणि पुन्हा देणं, या सगळ्यातून कुटुंबं संत पीटरशी शेजारपण राखत होती. तंटा झाला म्हणजे नातं तुटलं असं नव्हे. म्हणून एकच जमीन तीनदा आली तर तीन दानं मोजू नका. त्यांना एका धाग्यात ओवा.

पैशांचा हिशोब लागला तर: १ लिब्रा म्हणजे २० सोलिदी, १ सोलिदुस म्हणजे १२ देनारी. विल्यमच्या अटीप्रमाणे मठाने दर पाच वर्षांनी रोमला १० सोलिदी द्यायचे, प्रेषितांच्या समाधीवरच्या दिव्यांसाठी. रक्कम किरकोळ आहे. तिच्यातून मठ थेट पोपच्या छत्राखाली आहे, स्थानिक सरदाराच्या नव्हे, एवढं कागदावर उमटलं.

इंग्लंडचे उत्तरकालीन दस्त बघणार असाल तर १२७९ साल लक्षात असू द्या. पहिल्या एडवर्डने त्या वर्षी चर्चला जमीन देण्यावर बंदी आणली, कारण मठ मरत नाही, त्याला वारस लागत नाही, त्यामुळे वरच्या जमीनमालकाला वारसाच्या वेळी मिळणारी देणी कायमची बुडतात. तिथून पुढे दानाबरोबर राजाचा परवाना आहे का, हे शोधावं लागतं.

शाप आणि सुरुवातीचं प्रवचन

शाप मी आवडीने वाचतो. स्थापनापत्र मोडणाऱ्याचं नाव देवाने जीवनपुस्तकातून खोडावं, बायबलातल्या, पृथ्वीने गिळलेल्या दाथान आणि अबीरामच्या पंगतीला तो जावो, दगाबाज यहूदाचा सोबती होवो. शिवाय दंड १०० पौंड सोनं, हा धाकाचा आकडा. आपल्या ताम्रपटांत भूमी हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो, आणि कोकणातले गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, तर पुढे काय होईल ते चित्रच काढून दाखवतात. शापाची लांबी दात्याच्या ऐपतीनुसार बदलते, एवढं टिपून पुढे गेलं तरी चालतं.

प्रवचनाचा भाग सगळ्यात शेवटी वाचा. माणसाची संपत्ती ही त्याच्या आत्म्याची सोडवणूक, जगाचा अंत जवळ येतो आहे, असं काहीतरी असतं. माझी सुरुवात मात्र उलट झाली होती. एका दानपत्राच्या या पहिल्या ओळींवर मी अख्खी दुपार घालवली, दात्याच्या मनातली मृत्यूची भीती वगैरे टिपणं काढली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ, शब्दाला शब्द, दुसऱ्याच माणसाच्या दानपत्रात. मग तिसऱ्याच्या. लेखनिकाकडचा तयार साचा होता तो. त्याचा उपयोग आहे, पण दात्याचं मन कळायला नाही. तोच साचा कुठल्या दस्तांत येतो ते बघून एका हाताने लिहिलेले दस्त ओळखता येतात.

खरं की बनावट

मठ बनावट दस्त करत, आणि पुष्कळ करत. सगळेच लबाडीने नव्हेत. जमीन खरोखर त्यांचीच, कागद आगीत गेलेला किंवा कधी केलेलाच नाही, आणि आता न्यायालय कागद मागतंय, मग 'जसा असायला हवा होता तसा' लिहून काढला. लोरेंझो वाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या नावचं प्रसिद्ध दानपत्र भाषेवरून पाडलं. चौथ्या शतकातल्या रोमन दस्तात 'सात्राप' (इराणी सुभेदार) हा शब्द कसा, असा त्याचा एक सवाल होता. पुढे १६८१ मध्ये बेनेडिक्टाइन मठवासी मॅबियों यांनी अक्षर, शिक्का, तारखेची पद्धत, साचे हे सगळं तपासायची रीत बसवली. घरच्या घरी आपण इतकंच करू शकतो: साक्षीदारांपैकी कुणी त्या तारखेला मेलेला तर नाही ना, पदव्या त्या काळच्या आहेत ना, आणि मठाला फार सोयीची एखादी सवलत अचानक उगवली आहे का.

दुतर्फा करारांत एक छान बंदोबस्त असे. एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहायचा, मधल्या जागेत मोठ्या अक्षरात 'चिरोग्राफुम' हा शब्द, आणि त्या अक्षरांच्या मधूनच कात्री चालवायची. तंटा झाला की दोन तुकडे जुळवून बघा. जुन्या दस्ताच्या वरच्या किंवा खालच्या कडेला अर्धी कापलेली अक्षरं दिसली की तो असा जोडीतला आहे.

साधनं आणि वही

छापील आवृत्तीवर काम करत असाल तर संक्षेप संपादकाने उलगडलेले असतात. मूळ हस्तलिखिताच्या प्रतिमा बघायला गेलात तर कॅपेलींचा संक्षेपकोश हवाच. मध्ययुगीन लॅटिनच्या शब्दांसाठी १६७८ पासून चालत आलेला द्यू कांजचा कोश. तो जालावर आहे. शाळेतल्या शास्त्रीय लॅटिनचा कोश वापरलात तर 'विल्ला'चा बंगला होतो, माझा झाला होता.

गोव्याच्या जुन्या जमिनींत रस असणाऱ्यांना हा सराव थेट उपयोगी पडेल. पोर्तुगीजांनी 'फोरल' आणि 'तोंबू' ही नोंदींची युरोपीय रीत तिथे आणली. १५४१ मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवलं गेलं, आणि त्यानंतरच्या यादींत देवळाची कुठली शेतं कुणाकडे गेली ते वाचायला हीच नजर लागते. फरक इतकाच की तिथे दाता स्वखुशीने देत नव्हता.

पहिल्या आठवड्यात एकच गाव धरा. माकोंच्या आसपासचं, ज्याचे किमान पंधरा दस्त सूचीत आहेत असं. तक्त्यात रकाने: दस्ताचा क्रमांक, मूळ की नक्कल, तारीख (कंसासकट), दाता, बायको, संमती देणारे, जमिनीचा प्रकार, मोजणी, पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, माणसं दिली का, बदल्यात काय, साक्षीदार. लॅटिन शब्द जसेच्या तसे उतरवा, भाषांतर शेजारच्या रकान्यात. आणि शेजाऱ्यांच्या चार रकान्यांत जे नाव दोनदा येईल त्याला पेन्सिलीने खूण करत जा. बऱ्याचदा काही वर्षांनी पुढचा दाता तोच निघतो.